एक्स्पोर्ट रखडतंय? कार्ड घेण्याआधी दोन मिनिटांची टेस्ट घ्या!

व्हिडिओ लवकर निघावा म्हणून ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरवताय? थांबा. तुमचं काम नेमकं कुठं अडतंय ते आधी शोधा. कदाचित उपाय तुमच्याच लॅपटॉपमध्ये दडलेला असेल. तोही फुकट!

शूट झालं. कटिंग झालं. कलर झालं. म्युझिकही बसलं. तुम्ही एक्स्पोर्टचं बटण दाबता आणि स्क्रीनवर येतं, शिल्लक वेळ ४ तास १० मिनिटं.

तिकडे नवरीच्या मामांचा तिसरा फोन. ‘अहो, व्हिडिओचं काय झालं?’

लग्न, साखरपुडा, बारसं, मंडळाची मिरवणूक, कॉलेजची एकांकिका. असे व्हिडिओ करून स्वतःचा खर्च स्वतः काढणारी मुलं-मुली आता गावोगावी आहेत. तुम्हीही त्यातलेच असाल, तर एक सल्ला हमखास ऐकला असेल. ‘ग्राफिक्स कार्ड टाक रे, सुसाट पळेल मशीन!’

मग काय, हप्ते बांधायचे, नाहीतर घरी हात पसरायचे. कार्ड येतं. आणि चार तासांचं काम होतं साडेतीन तासांत. अर्ध्या तासासाठी वर्षभराचा हप्ता!

कधीकधी मात्र तेच काम खरंच पाऊण तासात होतं. कार्ड तेच, व्हिडिओही लग्नाचाच. मग एकाला फायदा होतो आणि दुसऱ्याला का होत नाही?

कारण ‘ग्राफिक्स कार्डमुळे व्हिडिओ फास्ट होतो’ हे वाक्य अर्धवट आहे. व्हिडिओचं कोणतं काम, हे त्यात सांगितलेलंच नसतं.

आधी थोडं गणित

घाबरू नका, सोपं आहे.

४के व्हिडिओची एक फ्रेम म्हणजे ३,८४० गुणिले २,१६० ठिपके. म्हणजे जवळपास ८३ लाख पिक्सेल. दाबून लहान न करता साठवली, तर साध्या ८ बिट व्हिडिओची अशी एक फ्रेम सुमारे १२ एमबी भरते. सेकंदाला २५ फ्रेम. म्हणजे एका सेकंदाला ३०० एमबीच्या वर. आणि तासाभराचं शूट? १ टीबीपेक्षा जास्त!

पण तुमचा कॅमेरा तर १०० एमबीपीएसवर तासाभराचं शूट ४५ जीबीत बसवतो. म्हणजे साधारण पंचविसाव्या भागात. हे जमतं कसं?

तर कोडेक नावाच्या गोष्टीमुळे. एच.२६४ हा सगळ्यात जास्त वापरला जाणारा कोडेक २००३ साली आला. त्याचा पुढचा भाऊ एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, २०१३ साली. दोघांची युक्ती साधारण एकच. प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवायचीच नाही. मांडव तोच आहे, मागची झालर तीच आहे, भटजीही जागेवर बसलेत. फक्त नवरदेवाचा हात हलला. मग तेवढाच बदल लिहून ठेवायचा. अधूनमधून एखादी फ्रेम पूर्ण, बाकीच्या फक्त ‘मागच्यापेक्षा काय बदललं’ एवढीच नोंद.

जागा वाचते. पण ती फाइल पुन्हा बघायची, तर त्या नोंदी वाचून प्रत्येक फ्रेम नव्याने उभी करावी लागते. हे झालं डीकोडिंग. आणि एडिट केलेल्या फ्रेम पुन्हा दाबून, नोंदी करून नवी फाइल बनवणं म्हणजे एनकोडिंग.

एक्स्पोर्टचं बटण दाबलं की ही तीन कामं ओळीनं होतात. आधी डीकोड. मग तुमचं एडिटिंग, म्हणजे कलर, टायटल, साइज बदलणं, नॉइज काढणं. आणि शेवटी एनकोड.

पोळ्यांचा कारखाना

हे नीट समजायचं, तर घरचं कार्य आठवा. दोनशे माणसांच्या पोळ्या करायच्यात. एक जण कणीक मळतंय, दुसरं लाटतंय, तिसरं भाजतंय. तवा एकच. आता कणीक मळायचं मशीन आणलं, तर पोळ्या लवकर होतील का?

नाही होणार! मळलेले गोळे नुसते साचून राहतील. कारण अडकलंय तव्यावर. उलट दोन तवे वाढवले आणि कणीकच वेळेवर येत नसेल, तर तवे नुसतेच तापत बसतील.

व्हिडिओचंही अगदी तसंच. डीकोड म्हणजे कणीक मळणं, एडिट म्हणजे लाटणं, एनकोड म्हणजे भाजणं. जिथं अडलंय तिथं मदत दिली तरच वेग वाढतो.

कॉम्प्युटरच्या जगात ही गोष्ट जीन अ‍ॅमडाल या इंजिनिअरनं १९६७ सालीच मांडून ठेवलीय. समजा तुमचं एक्स्पोर्ट ६० मिनिटांचं आहे आणि त्यातली ६ मिनिटं डीकोडिंगला जातात. आता डीकोडिंग जादूनं शून्य मिनिटांवर आणलं, तरी उरलेली ५४ मिनिटं थांबावंच लागणार. पण हीच विभागणी उलटी असेल, म्हणजे डीकोडिंगलाच ४० मिनिटं जात असतील, तर तोच उपाय ६० मिनिटांचं काम २० मिनिटांवर आणेल.

उपाय एकच. फायदा मात्र जमीन-अस्मान!

कार्डात नेमकं काय असतं?

इथं बहुतेकांचा गैरसमज होतो. ग्राफिक्स कार्ड म्हटलं की हजारो कोअर डोळ्यांसमोर येतात. गेम चालवतात ते हेच. पण व्हिडिओचं डीकोडिंग-एनकोडिंग त्यांच्यावर होत नाही. त्यासाठी त्याच चिपवर एक छोटा, वेगळा भाग असतो. त्याला फक्त ठरावीक कोडेक येतात. पण जे येतं, ते तो प्रचंड वेगानं आणि कमी विजेत करतो.

एनव्हिडियाच्या कार्डात डीकोड करणाऱ्या भागाला एनव्हीडेक म्हणतात आणि एनकोड करणाऱ्याला एनव्हेंक. एनव्हेंक २०१२ साली जीटीएक्स ६०० मालिकेबरोबर आलं. इंटेलनं त्याच्या वर्षभर आधी, २०११ मध्ये, प्रोसेसरमध्येच असा भाग बसवला. त्याचं नाव क्विक सिंक. एएमडीच्या कार्डांत आणि अंगभूत ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरमध्येही अशी सोय असते.

यातून दोन गोष्टी कळतात.

पहिली, दुप्पट महागडं कार्ड घेतलं म्हणून व्हिडिओ दुप्पट वेगानं निघेलच असं नाही. कार्डाची किंमत वाढते ती मुख्यतः गेमिंगच्या कोअर आणि मेमरीमुळे. व्हिडिओचा तो छोटा भाग एकाच पिढीतल्या स्वस्त आणि महाग कार्डांत बऱ्याचदा सारखाच असतो. फक्त वरच्या काही कार्डांत दोन एनकोडर असतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुमच्या लॅपटॉपमध्ये गेल्या काही वर्षांतला इंटेल प्रोसेसर अंगभूत ग्राफिक्ससह असेल, तर क्विक सिंक तुमच्याकडे आधीपासूनच आहे. त्यासाठी वेगळं काहीच घ्यायचं नाहीये. फक्त सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचंय. कितीतरी जण ते न बघताच कार्डाच्या किमती विचारत फिरतात.

हार्डवेअर डीकोडिंग कधी कामाला येतं?

टाइमलाइन अडखळते तेव्हा. एडिट करताना व्हिडिओ मागे-पुढे सरकवला की अडकतो? हे बऱ्याचदा डीकोडिंगचं दुखणं असतं. मधलीच एक फ्रेम दाखवायची, तरी तिच्या आधीची पूर्ण फ्रेम शोधून तिथून नोंदी वाचत यावं लागतं. इथं हार्डवेअर डीकोडिंगचा फरक लगेच जाणवतो.

मोठ्यातून लहान करताना. ४के शूटमधून ७२०पीची झलक काढायचीय. मूळ फ्रेम ८३ लाख पिक्सेलची, नवी फ्रेम सुमारे ९ लाखांची. म्हणजे उलगडायचं काम बांधायच्या कामाच्या नेमकं नऊपट पिक्सेलचं! अशा वेळी डीकोडिंगचा वाटा वाढतो. एडिटिंगसाठी प्रॉक्सी, म्हणजे हलक्या कॉपी बनवतानाही हेच.

एनकोडिंग आधीच कार्डावर असेल तेव्हा. तवा मोठा झाला की कणीक कमी पडू लागते. एनकोडर सेकंदाला शेकडो फ्रेम घ्यायला तयार असतो आणि प्रोसेसर बिचारा धापा टाकत फ्रेम उलगडत असतो. इथं डीकोडिंगही कार्डाकडे दिलं की गाडी पळते.

यात आणखी एक फायदा आहे. कार्डाची मेमरी वेगळी आणि कॉम्प्युटरची रॅम वेगळी. कार्डानं उलगडलेली फ्रेम रॅममध्ये आणायची आणि एनकोड करायला परत कार्डावर न्यायची, म्हणजे ४केच्या प्रत्येक फ्रेममागे १२ एमबीची ने-आण, तीही दोनदा. दोन्ही कामं कार्डावरच झाली आणि फ्रेम तिथंच राहिली, तर ही हमाली वाचते. एफएफएमपेग वापरणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवा. हार्डवेअर डीकोडची सूचना इनपुट फाइलच्या नावाआधी लिहावी लागते. आणि फ्रेम कार्डावरच ठेवायची, हे वेगळं सांगावं लागतं. नाहीतर तो फ्रेम रॅममध्ये आणून ठेवतो.

आणि कधी येत नाही? तुम्ही प्रोसेसरवर एक्स२६५ सारखा सॉफ्टवेअर एनकोडर स्लो सेटिंगवर चालवताय, तर बहुतेक वेळ तिथंच जातो. डीकोडिंग कार्डावर नेऊन फार काही हाती लागत नाही. नॉइज काढायचा जड इफेक्ट टाकला असेल, तर अडचण लाटण्याच्या टप्प्यावर आहे. तिथंही डीकोडरचा उपयोग नाही. मात्र तुमचं सॉफ्टवेअर तो इफेक्ट ग्राफिक्स कार्डावर चालवत असेल, तर कार्डाच्या कोअरचा, म्हणजे किमतीचाही, खरा उपयोग इथंच होतो.

क्वालिटीचं काय?

हा प्रश्न विचारायलाच हवा. आणि याचं उत्तर दोन्ही कामांसाठी वेगवेगळं आहे.

डीकोडिंगमध्ये क्वालिटी जात नाही. एच.२६४ किंवा एच.२६५ फाइल उलगडल्यावर नेमकं काय निघालं पाहिजे, हे त्या मानकात बिटन् बिट ठरलेलं आहे. प्रोसेसरनं उलगडा की कार्डानं, फ्रेम तीच येते. त्यामुळे हार्डवेअर डीकोडिंग बिनधास्त चालू करा.

एनकोडिंगचं तसं नाही. फाइल कशी दाबायची, याचे असंख्य पर्याय असतात. सॉफ्टवेअर एनकोडर वेळ घेऊन त्यातले बरेच तपासून बघतो. हार्डवेअर एनकोडर थोडेच तपासतो, म्हणून तर तो वेगवान. त्यामुळे तेवढ्याच साइजच्या फाइलमध्ये स्लो सेटिंगवरचा सॉफ्टवेअर एनकोडर सहसा सरस ठरतो. नव्या कार्डांनी हा फरक बराच कमी केलाय. पण बिटरेट कमी ठेवला तर अक्षता पडतानाचा शॉट नीट बघा. गुलाल, फटाके, धूर, पाऊस बघा. फ्रेममध्ये एकाच वेळी खूप काही हलायला लागलं की चौकोन दिसू लागतात ते तिथंच.

म्हणून कामं वाटून घ्या. ग्राहकाला बघायला पाठवायची कॉपी, प्रॉक्सी, इन्स्टावरचं रील हे हार्डवेअरवर काढा. तिथं सोशल मीडिया फाइल पुन्हा दाबतोच. पण पेन ड्राइव्हवर द्यायचा, लोक वीस वर्षांनी बघणार असा फायनल व्हिडिओ? एकतर हार्डवेअरवर काढताना बिटरेट भरपूर ठेवा, नाहीतर रात्री सॉफ्टवेअर एनकोडरला लावून झोपा.

आता टेस्ट

तुमच्या नेहमीच्या शूटमधला दोन मिनिटांचा तुकडा घ्या. शक्यतो गर्दीचा, हलता. हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये व्हिडिओच्या पानावर हार्डवेअर डीकोडिंग चालू-बंद करता येतं. एनकोडर मुख्य स्क्रीनवर निवडता येतो. आता तोच तुकडा चार वेळा काढा आणि प्रत्येक वेळेचे सेकंद वहीत लिहा.

१. डीकोड प्रोसेसरवर, एनकोडही प्रोसेसरवर.
२. डीकोड हार्डवेअरवर, एनकोड प्रोसेसरवर.
३. डीकोड प्रोसेसरवर, एनकोड हार्डवेअरवर.
४. दोन्ही हार्डवेअरवर.

पहिला आणि दुसरा वेळ जवळपास सारखा आला, तर डीकोडिंग तुमची अडचण नव्हतीच. पहिल्यापेक्षा तिसरा खूप कमी आला, तर अडचण एनकोडिंगची होती. तिसऱ्यापेक्षाही चौथा कमी आला, तर दोन्ही मिळूनच तुमचा फायदा आहे.

मग तोच तुकडा तुमच्या एडिटिंग सॉफ्टवेअरमधून दोनदा काढा. एकदा सगळे इफेक्ट बंद करून, एकदा चालू ठेवून. फरक मोठा असेल, तर दुखणं इफेक्टचं आहे. डीकोडर-एनकोडरला दोष देऊ नका.

हे सगळं चालू असताना विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर क्लिक करा. तिथं व्हिडिओ डीकोड आणि व्हिडिओ एनकोड असे आलेख दिसतात. काही कार्डांवर दोन्हींचा मिळून एकच असतो. सेटिंग चालू केलं आणि आलेख आडवाच पडलेला असेल, तर हार्डवेअर वापरलंच जात नाहीये. सॉफ्टवेअर गुपचूप प्रोसेसरवर परत गेलंय. आणि एखादा आलेख शंभरला टेकलेला असेल, तर सापडला तुमचा तवा!

तरीही कार्ड घ्यायचंच असेल तर

टेस्टमधून कार्डाची गरज सिद्ध झाली? मग जरूर घ्या. पण लॅमिंग्टन रोडला जा, नाहीतर तुमच्या गावच्या दुकानात, या गोष्टी तपासून जा.

• जीटी १०३० स्वस्तात मिळतं. पण त्यात एनव्हेंक नाही. डीकोड करेल, एनकोड करणार नाही. एएमडीच्या आरएक्स ६५०० एक्सटीतही हार्डवेअर एनकोडर नाही.

• जीटीएक्स १६५० या मूळ कार्डात एनव्हेंक आधीच्या पिढीचं आहे. १६५० सुपर आणि १६६० मध्ये नवं. नावं सारखी, माल वेगळा. सेकंडहँड घेताना तर हमखास बघा.

• नवं मशीन जोडताय आणि इंटेल प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल, तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नाही. म्हणजे क्विक सिंकही नाही. थोडे पैसे वाचतात, पण व्हिडिओवाल्यांना ती बचत महागात पडू शकते.

• तुमचा कॅमेरा १० बिट ४:२:२ मध्ये शूट करतो का? मग सावध. या प्रकारातलं एचईव्हीसी एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४० मालिकेपर्यंतच्या कार्डांना हार्डवेअरवर उलगडता येत नाही. २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेला येतं. आणि गंमत म्हणजे इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बहुतेक अंगभूत ग्राफिक्सना ते आधीपासून येतंय! म्हणजे या एका कामात साध्या लॅपटॉपमधली फुकटची सोय जुन्या महागड्या कार्डावर मात करते.

• एव्ही१ या नव्या कोडेकमध्ये फाइल काढायच्या असतील, तर आरटीएक्स ४०, आरएक्स ७००० किंवा इंटेल आर्क मालिका, नाहीतर त्यानंतरचं कार्ड लागेल. आरटीएक्स ३० मालिका एव्ही१ उलगडते, बनवत नाही.

थोडक्यात, दुकानदाराला ‘व्हिडिओ एडिटिंगसाठी चांगलं कार्ड द्या’ असं म्हणू नका. ‘माझा कॅमेरा या कोडेकमध्ये शूट करतो, ते हे कार्ड हार्डवेअरवर डीकोड करतं का? आणि मला हव्या त्या कोडेकमध्ये एनकोड करतं का?’ असं विचारा. उत्तर पटलं नाही, तर कंपनीच्या वेबसाइटवरचा सपोर्टचा तक्ता तिथंच मोबाइलवर उघडा. काउंटरवर पैसे ठेवण्याआधी दहा मिनिटं गेली तर काही बिघडत नाही.

कारण हे पैसे कुणाच्या खिशातून जातात? हळदीपासून वरातीपर्यंत कॅमेरा धरून उभं राहिलेल्या माणसाच्या. एका सीझनची कमाई एका डब्यात घालायची असेल, तर त्या डब्यात काय आहे आणि काय नाही, हे आपल्याला माहीत असलं पाहिजे.

आणि टेस्टमधून कळलं की तुमचं काम नुसत्या सेटिंगनंच भागतंय, तर वाचलेल्या पैशांतून एक जास्तीची हार्ड डिस्क घ्या. शूटची दुसरी कॉपी ठेवायला. एक्स्पोर्टला उशीर झाला, तर मामा फक्त ओरडतील. फुटेजच गेलं, तर ते लग्न पुन्हा लागणार नाहीये!